उंचावरून पडलेले मांजर: जमिनीवर सापडल्यापासून पिंजऱ्याचे दार उघडेपर्यंत

मांजर चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडते, क्षणभर स्तब्ध राहते, मग उठून स्वतःच्या पायांनी जिन्याखाली जाऊन बसते, आणि वरून धावत आलेल्या घरच्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, ‘वाचलं बाई!’ चालले म्हणजे वाचले, या समजुतीने त्याला उचलून घरी नेले जाते, पुढे दूध ठेवले जाते, ‘घाबरलंय, झोपू दे’ म्हणून खोलीचा दिवा मालवला जातो. आणि रात्री उशिरा किंवा पहाटे त्याचा श्वास लागतो. ज्यांच्या घरी नुकतेच मांजर आले आहे आणि जे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्यावर ही वेळ आली तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही. कोथरूडच्या आमच्या घरात बारा वर्षे मांजरे आहेत, आणि आसपासच्या इमारतींमध्ये मांजर पडले की लोक मला बोलावतात, त्यामुळे पडलेली मांजरे दवाखान्यात पोहोचवण्याचा अनुभव गाठीशी जमला आहे. उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात, पण मांजर डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचेपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो.

आमचा पहिला बोका तांबू आठ महिन्यांचा असताना चौथ्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीतून पार्किंगच्या पेव्हिंग ब्लॉकवर पडला. त्याचा एकही पाय मोडला नव्हता. उजव्या नाकपुडीत वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा रक्ताचा थेंब साकळलेला होता, आणि तो स्कूटरच्या चाकामागे पोटावर बसला होता, मान किंचित पुढे काढून आणि दोन्ही कोपरे छातीपासून बाहेर फाकवून. मांजर आरामात बसते तेव्हा पुढचे पाय छातीखाली दुमडून घेते, हे मला माहीत होते, तरी त्या फाकलेल्या कोपरांचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. फुप्फुसांना जागा मिळावी म्हणून मांजर तसे बसते. आम्ही पाच तास घरी थांबलो. ते पाच तास मला आजही सलतात.

पडल्यावर नेमके काय मोडते

मांजर हवेत अंग फिरवून पायांवर येते, हे खरे आहे. त्याचा कणा अतिशय लवचीक असतो, गळपट्टीचे हाड नावापुरतेच असते, आणि अंग सावरण्याची ही उपजत क्रिया पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असताना दिसू लागून सहा-सात आठवड्यांपर्यंत पक्की होते. परंतु चार पायांवर उतरल्याने पडण्याचा धक्का नाहीसा होत नाही. पाय दुमडतात आणि त्यांच्या पाठोपाठ छाती व हनुवटी जमिनीवर आदळतात. म्हणूनच उंचावरून पडलेल्या मांजरात तीन जागी इजा शोधावी लागते: छातीत, तोंडात आणि पायांत. लंगडणारा पाय सगळ्यांना दिसतो, त्यामुळे घरचे लोक पायाची काळजी करत बसतात, आणि ज्या छातीवर जीव अवलंबून आहे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या पशुरुग्णालयात अशा १३२ मांजरांच्या नोंदी तपासून १९८७ साली दोन पशुवैद्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सुमारे ९० टक्के मांजरांच्या छातीला इजा होती, निम्म्याहून अधिक मांजरांच्या चेहऱ्याला मार होता, आणि हातापायाचे हाड मोडलेली मांजरे सुमारे ३९ टक्के होती. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के मांजरे वाचली, ही त्यातली आशेची बाजू. याच अभ्यासात सातव्या मजल्यापर्यंत इजा वाढत जातात आणि त्याहून वरच्या मजल्यांवरून पडलेल्यांत त्या कमी दिसतात, असेही आढळले होते, आणि ‘जितके उंच तितके सुरक्षित’ ही अत्यंत घातक समजूत तिथूनच पसरली. जी मांजरे जागीच मरतात त्यांना कोणी दवाखान्यात नेत नाही आणि त्यांची नोंद होत नाही, ही गोष्ट ती समजूत सांगणारे विसरतात. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये ११९ मांजरांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर सातव्या व त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांच्या इजा अधिक गंभीर होत्या. त्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक एक वर्षाच्या आतली होती. पारव्यामागे झेपावताना कठड्याचे भान न राहणारे वय हेच असते, याचा अनुभव आपल्याकडेही येतो.

छातीत दोन गोष्टी प्रामुख्याने होतात. एक म्हणजे फुप्फुसाला आतून मुका मार लागून त्यात रक्त उतरते. ही इजा पडल्याबरोबर पूर्ण दिसत नाही, पहिल्या चोवीस तासांत ती वाढू शकते. दुसरी म्हणजे फुप्फुसातून हवा निसटून ते आणि बरगड्या यांच्यामध्ये साठत जाते, आणि फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही. पडल्यावर तासाभराने बरे दिसणारे मांजर सहा तासांनी का कोसळते, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. म्हणून माझा नियम साधा आहे: दुसऱ्या मजल्यावरून किंवा त्याहून उंचावरून पडलेले मांजर, ते कितीही ठीक दिसत असो, त्याच दिवशी, त्याच तासात डॉक्टरांना दाखवायचे. पिल्लू, म्हातारे किंवा लठ्ठ मांजर असेल तर पहिल्या मजल्यालाही हाच नियम लावावा.

पहिले काम: शोधणे

खिडकीतून वाकून पाहिल्यावर मांजर खाली दिसले नाही, तर ते पळून गेले असे समजू नका. जखमी मांजर ओरडत नाही, ते दडते. वॉचमनला सांगून पार्किंगमधल्या गाड्या पाच-दहा मिनिटे सुरू होऊ देऊ नका, कारण गाडीखाली आणि बॉनेटच्या आतल्या पोकळीत ते हमखास जाऊन बसते. मग मीटरची खोली, पाण्याच्या पंपाची खोली, जिन्याखालची अडगळ, कुंपणाची मेंदी आणि कुंड्यांच्या मागची जागा, अशा क्रमाने मोबाईलचा दिवा जमिनीलगत आडवा धरून शोधा, डोळे चमकतात. नावाने मोठमोठ्याने हाका मारू नका, आणि सोसायटीतली सगळी मुले गोळा होऊ देऊ नका. दोन माणसे शोधायला पुरेशी असतात, तिसऱ्याने आवारातल्या कुत्र्यांकडे पाहावे.

बाथरूमच्या खिडकीतून मांजर डक्टमध्ये पडले असेल, तर स्वतः पाइपवरून उतरू नका. तळमजल्यावर डक्टचे दार असते, त्याची किल्ली सोसायटीच्या कार्यालयात मिळते; ते उघडत नसेल तर अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवा.

दुसरे काम: हात लावण्याआधी पाहणे

मांजर सापडल्यावर उचलण्याची घाई होते. अर्धे मिनिट थांबा आणि तीन-चार हात अंतरावरून त्याच्याकडे पाहा. छाती व पोट किती वेळा वर-खाली होते, ते पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. शांत बसलेल्या मांजराचा श्वास साधारणपणे मिनिटाला १५ ते ३० असतो. घाबरलेले मांजर थोडा जलद श्वास घेईल, पण चाळिसाच्या पुढचा आकडा सतत येत असेल, पोट जोराने आत ओढले जात असेल, किंवा कोपरे फाकवून मान पुढे काढलेली असेल, तर छातीला इजा आहे असेच धरून चाला. कुत्रे तोंड उघडून धापा टाकते ते स्वाभाविक असते. मांजराने तोंड उघडून श्वास घेणे मात्र संकटाची खूण आहे, आणि मे महिन्यातली दुपार असली तरी ‘उकाड्यानं असेल’ अशी समजूत करून घेऊ नये.

मांजर परवानगी देत असेल तरच ओठ अंगठ्याने अलगद वर करून हिरडी पाहा. गुलाबी हिरडी चांगली. पांढरट हिरडी म्हणजे रक्तस्राव किंवा शॉक (रक्ताभिसरण ढासळणे), निळसर किंवा राखी हिरडी म्हणजे प्राणवायू कमी पडतो आहे. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची जीभ पाहावी. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का, मागचे पाय हलतात का, नाकातोंडातून रक्त येते का, एवढे पाहून पुरे करा. हाडे चाचपून पाहणे, उभे करून चालवून पाहणे, पाय ओढून ‘दुखतंय का’ पाहणे, यातले काहीही करू नका. शक्य असल्यास दुसऱ्या माणसाने श्वासाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्यात फोन केल्यावर तो पाठवला तर डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात.

तिसरे काम: उचलणे आणि नेणे

आपले मांजर कितीही मायाळू असो, वेदनेत ते चावते. जाड टॉवेल किंवा गोधडी त्याच्या अंगावर मागून हळूच टाका, तोंडावरून घट्ट गुंडाळू मात्र नका. मानेची कातडी धरून उचलणे अशा वेळी धोक्याचे असते, कारण कण्याला इजा असेल तर लोंबकळणारे शरीर ती वाढवते. जमिनीला समांतर, जसे पडले आहे तसेच, एखाद्या सपाट कडक वस्तूवर सरकवून घ्यायचे. यासाठी आपल्या घरात जेवायला बसण्याचा लाकडी पाट असतो, त्याच्याइतकी योग्य वस्तू मला दुसरी सापडलेली नाही. मांजराच्या लांबीचा, कडक आणि एका माणसाला उचलता येण्यासारखा. पाट नसेल तर कपाटाचा ड्रॉवर किंवा मोठा ट्रे चालेल. एकाने खांदे, दुसऱ्याने कंबर आधाराने धरून एकाच वेळी सरकवा, वरून टॉवेल सैल बांधा आणि पाटासकट खोक्यात ठेवा. वरून उघडणारा कॅरियर असेल तर उत्तम. समोरच्या छोट्या दारातून जखमी मांजर आत कोंबावे लागते, त्यापेक्षा भाजीच्या दुकानातले पुठ्ठ्याचे खोके बरे.

वाहणारे रक्त दिसले तर स्वच्छ सुती कापडाची घडी त्यावर पाच मिनिटे दाबून धरा, मधे उचलून पाहू नका. हाड बाहेर आले असेल तर ओलसर स्वच्छ कापडाने झाका. ते आत ढकलू नका आणि पट्ट्या लावून बांधू नका. जखमेत हळद भरू नका, डॉक्टरांना ती धुऊन काढावी लागते आणि त्यात वेळ जातो. छातीभोवती काहीही आवळून बांधू नका.

जखमी जिवाच्या तोंडात पाणी घालणे हा आपल्याकडचा दयेचा पहिला आविष्कार असतो, आणि इथे तो टाळायलाच हवा. टाळू फाटलेली असेल किंवा जबडा मोडलेला असेल तर चमचाभर पाणीही थेट श्वासनलिकेत जाते. शिवाय भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. दूध, पाणी, ग्लुकोज, काहीही देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे: घरातले वेदनाशामक औषध देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. तापासाठी आपण घेतो ती एक गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच त्यामुळे नष्ट होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन यांनाही हाच नियम. पडलेल्या मांजराला कोणीतरी मायेने अर्धी गोळी दिली होती, आणि डॉक्टरांना पडण्याच्या इजेबरोबर त्या गोळीशीही झुंजावे लागले, असे मी पाहिलेले आहे.

निघण्यापूर्वी फोन करा. पुण्यातले बरेचसे छोटे दवाखाने सकाळ-संध्याकाळ उघडे असतात आणि दुपारी बंद असतात, त्यामुळे बंद दारासमोर पोहोचण्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. फोनवर तीनच गोष्टी विचारा: आत्ता डॉक्टर आहेत का, ऑक्सिजन देण्याची सोय आहे का, आणि एक्स-रे तिथेच निघतो का. ऑक्सिजन नसेल तर जवळचा दवाखाना सोडून लांबच्या दवाखान्यात जाणे योग्य ठरते, अपवाद फक्त तोंडाने श्वास घेणाऱ्या मांजराचा; त्याला आधी सर्वांत जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. रात्री सुरू असणाऱ्या दोन दवाखान्यांचे क्रमांक आजच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मांजर रस्त्यावरचे, कोणाचेही नसलेले असेल, तर पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था जखमी भटक्या प्राण्यांसाठी काम करतात, त्यांना कळवता येते. मात्र त्यांच्याकडे आधीच्या हाका असतात, म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतः नेता आले तर न्यावे.

दुचाकीवर पायांमध्ये खोके ठेवून नेऊ नका. रिक्षा किंवा मोटार बोलवा, एकाने खोके मांडीवर न घेता सीटवर सपाट धरावे, आणि चालकाला गतिरोधकांवर सावकाश जायला सांगावे. संध्याकाळी सातच्या सुमाराला कर्वे रस्त्याने किंवा विद्यापीठ चौकातून जावे लागणार असेल, तर पाऊण तासाचा प्रवास धरून दवाखाना निवडा. वाटेत खोक्यावर कापड टाकून अंधार ठेवा, पण हवा येऊ द्या. थंडीच्या दिवसांत किंवा मांजराचे पंजे गार लागत असतील तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

दवाखान्यात काय घडते, आणि आपण काय करू नये

पहिल्यांदाच गेलेल्या माणसाला दवाखान्यातला क्रम उलटा वाटतो. मोडलेला पाय समोर लोंबत असतो, आणि डॉक्टर मांजराला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून वीस मिनिटे हातही लावत नाहीत. ‘काहीच करत नाहीत’ असे वाटून अनेक जण चिडतात. मला तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सांगावेसे वाटते की हाच उपचार आहे: ज्या मांजराला श्वास पुरत नाही, त्याला एक्स-रेसाठी कुशीवर दाबून धरले तर ते टेबलावरच दगावू शकते. आधी प्राणवायू, मग वेदना कमी करणारे इंजेक्शन, मग शिरेतून सलाईन, तेही मोजून, कारण मार बसलेल्या फुप्फुसाला जास्तीचे पाणी सोसत नाही. छातीत हवा साठल्याचा संशय असेल तर एक्स-रेची वाट न पाहता सुईने ती काढतात.

तांबूच्या वेळी मी हे पाहिले. डॉक्टरांनी बरगड्यांमधून एक बारीक सुई घातली, तिला नळी आणि तीन तोंडांची छोटी तोटी जोडली, आणि वीस मिलिलिटरच्या सिरिंजने हवा ओढून बाहेर सोडायला सुरुवात केली. मदतनीस प्रत्येक वेळी आकडा वाढवून म्हणत होता, वीस, चाळीस, साठ. सिरिंजमध्ये दिसत काहीच नव्हते. एकशे ऐंशीच्या आसपास तांबूने मान खाली टेकवली आणि बाहेर फाकलेले कोपरे हळूहळू आत घेतले. तो बोका त्या क्षणी वाचला, असे मी मानते.

हवा पुन्हा पुन्हा साठत असेल तर छातीत नळी ठेवावी लागते. त्यानंतर सोनोग्राफीने पोटात व छातीत रक्त किंवा लघवी साठली आहे का, हे पाहतात, आणि मांजर स्थिर झाल्यावर एक्स-रे काढतात. छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात. मूत्राशय फुटलेले असू शकते. मूत्राशयाची इजा नवख्यांच्या ध्यानीमनी नसते, म्हणून पडल्यापासून मांजराने लघवी केली का, केव्हा केली, तिच्यात रक्त होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. किती मजल्यांवरून पडले, खाली माती होती की फरशी, किती वाजता पडले, शेवटचे केव्हा खाल्ले आणि कोणते औषध चालू आहे, हीही माहिती तयार ठेवा.

चोवीस तास दवाखान्यात ठेवायला सांगितले तर ठेवा. मांजर बरे दिसत असताना त्याला ठेवून घेतात म्हणून बिल वाढवण्याचा संशय घेऊ नका. फुप्फुसाचा मार वाढतो तो याच काळात. खर्चाचा अंदाज मात्र सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारा, आणि आज अत्यावश्यक काय आहे व चार दिवसांनी केले तरी चालेल असे काय आहे, हे वेगळे करून मागा. पायाच्या हाडात पिन किंवा प्लेट बसवण्याची शस्त्रक्रिया बहुधा श्वास सुधारल्यावर एक-दोन दिवसांनीच करतात, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव करायला तेवढा अवधी मिळतो.

तोंडाच्या इजा दिसायला भयंकर असतात, पण त्यांतल्या बऱ्याच भरून येतात. टाळूला मधोमध उभी चीर पडते, आणि ती अरुंद असेल तर दोन ते चार आठवड्यांत आपोआप मिळून येते. रुंद असेल तर टाके किंवा तार लावतात. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी सुटले असतील तर तारेने एकत्र बांधून साधारण चार ते सहा आठवड्यांनी तार काढतात. या काळात मांजर स्वतः खाऊ शकत नसेल तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवायला सुचवतात. त्या नळीला घाबरून नकार देऊ नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की त्याच्या यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो, आणि नळीमुळे तो टळतो.

कण्याला गंभीर इजा होऊन मागच्या पायांची खोलवरची संवेदनाही गेली असेल, तर डॉक्टर ते स्पष्ट सांगतील. तेव्हा वेदनारहित मृत्यूचा पर्याय समोर येऊ शकतो. हा निर्णय एकट्याने, रात्री दोन वाजता, रडत घेऊ नका. वेदना थांबवणारे औषध देऊन सकाळपर्यंत थांबता येईल का, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येईल का, असे विचारा.

या धावपळीत मांजर तुम्हाला चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजर घरचे असले तरी हे टाळू नका. रेबीजप्रतिबंधक लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते.

घरी आल्यावर

घरी येताना मांजराची जागा आधी तयार असली पाहिजे. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी मिळतो तसा घडीचा तारेचा पिंजरा घ्या. त्यात गादी, पाणी आणि बुटक्या कडांचा लिटर ट्रे मावला पाहिजे. हाड मोडले असेल तर चार ते सहा आठवडे त्यातच राहावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजराला बरे वाटू लागते, ते दाराशी येऊन दीनवाणे ओरडते, आणि आजी-आजोबांचे मन विरघळते. ‘जरा पाय मोकळे करू दे त्याला’ म्हणून दार उघडले की ते पहिली उडी पलंगावर मारते, आणि बसवलेली पिन सरकते. घरातल्या सगळ्यांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा. पिंजऱ्यावर अर्धवट चादर टाकली, तो बैठकीच्या खोलीत माणसांच्या वावरात ठेवला आणि रोज ठरलेल्या वेळी शेजारी बसून बोलत राहिले, की मांजर निभावून नेते.

पहिला आठवडाभर ते गाढ झोपलेले असताना दिवसातून दोनदा श्वास मोजून वहीत लिहा. आकडा रोज थोडा उतरला पाहिजे किंवा स्थिर राहिला पाहिजे. तो तिसाच्या वर चढू लागला, मांजराने चोवीस तासांत काही खाल्ले नाही किंवा लघवी केली नाही, पायाचा पंजा पट्टीखाली सुजला, किंवा दूध-पाणी नाकातून बाहेर येऊ लागले, तर पुढच्या तपासणीची तारीख पाहत बसू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध लिहून दिलेल्या मापाने आणि तितकेच दिवस द्या; मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक औषध एक-दोन थेंबांनी जास्त गेले तरी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. खायला मऊ काहीतरी द्या. कोंबडीचे शिजवलेले मांस मिक्सरमधून काढून, त्याच पाण्यात कालवून, कोमट करून दिले तर तोंड दुखणारे मांजरही चाटते, मात्र त्यात मीठ नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन काढायचा तो फक्त समोर बसून खाऊ घालताना.

पिंजऱ्याचे दार उघडण्याआधी

शेवटचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी मोकळीक दिली, तरी घर बंदिस्त झाल्याखेरीज दार उघडू नका. पडलेले मांजर धडा शिकत नाही, ते पुन्हा त्याच कठड्यावर जाते. आपल्याकडे बाल्कनीला लावतात ती नायलॉनची कबुतरजाळी पक्षी बाहेर ठेवण्यासाठी असते, चार किलोच्या मांजराची झेप पेलण्यासाठी ती नेहमीच पुरेशी नसते, आणि दोन-तीन उन्हाळे खाल्ल्यावर ती हाताने तुटते. नवी जाळी जाड दोऱ्याची घ्या आणि चारही बाजूंनी हुकांत ताणून बसवून घ्या. मांजर दोरे चावत असेल तर तारेची जाळी किंवा बारीक फटींचे ग्रिल हाच उपाय. सरकत्या खिडकीची डासांची जाळी मांजराच्या वजनाने चौकटीसकट बाहेर पडते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. खिडकीच्या पट्टीत अडसर बसवून ती तीन बोटांपेक्षा जास्त उघडणार नाही असे करा.

मग गुडघ्यांवर बसून मांजराच्या नजरेच्या उंचीवरून सगळे घर फिरा. ड्राय बाल्कनीतले वॉशिंग मशीन म्हणजे कठड्याची पायरी असते. आमचा तांबू तिथूनच चढला होता. बाथरूमच्या खिडकीतल्या काचपट्ट्यांपैकी एक पट्टी पंख्यासाठी काढलेली असते, ती फट डक्टवर उघडते आणि पिल्लू तिच्यातून सहज जाते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग ज्या सळ्यांवर ठेवतात, तिथे पारवे घरटे करतात आणि मांजराचे सगळे लक्ष तिकडे लागते. पावसाळ्याच्या तोंडाला दिव्याभोवती पंख फुटलेली वाळवी जमते तेव्हा रात्री, आणि दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून, मांजरे बेभान धावतात. त्या दिवसांत बाल्कनीचे दार बंदच ठेवा आणि त्याआधी, मे महिन्यात एकदा व दसऱ्याच्या सुमाराला एकदा, जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर तळहात ठेवून पूर्ण जोराने बाहेर ढकलून पाहा. एकही हुक हलला तर तो त्याच दिवशी बदलून घ्या, आणि तोवर मांजराला आतल्या खोलीत ठेवा.